पूलसाठी क्लोरीन कुठलं घ्यायचं? हायपो, टीसीएल, गोळ्या, मिठाचं मशीन, सगळ्याचा खर्च मांडून

आमचा गुहागरकडे छोटा होमस्टे आहे, नारळी-पोफळीच्या बागेत चार खोल्या आणि मागच्या बाजूला पूल. समोर समुद्र असताना पूल कशाला असं विचारणारे भरपूर असतात, पण लहान मुलं घेऊन आलेली माणसं समुद्राला भितात आणि ते बरोबरच आहे, त्यामुळे बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न पूलचाच असतो. आता पूल आला म्हणजे क्लोरीन आलं आणि त्यावर प्रत्येकाचं वेगळं मत, दुकानदार म्हणतो गोळ्या न्या, प्लंबर म्हणतो टीसीएल टाका, पुण्याचा पाहुणा म्हणतो सॉल्ट सिस्टम लावा हो, आमच्या सोसायटीत आहे. मी यातलं मिठाचं मशीन सोडून सगळं वापरलंय, मशीनचं कोटेशन मागवून सोडून दिलं. तर एकदा सगळा हिशोब लिहून टाकतो. भाव मला इथे पोच पडलेले आहेत, तुमच्याकडे वर-खाली होतील, पण हिशोबाची पद्धत तीच राहील.

आधी पद्धत. किलोचा भाव बघून काहीच कळत नाही कारण प्रत्येक मालात क्लोरीनचं प्रमाण वेगळं. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं लिक्विड, त्यात ताजं असेल तर १० ते १२ टक्के. टीसीएल, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती ब्लिचिंग पावडर, त्यात ३३-३४ टक्के. कॅल हायपो, म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइटची दाणेदार पावडर, ६५ ते ७०. टीसीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, त्याच्या गोळ्या ९०. एसडीआयसी, म्हणजे सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट, ५६ ते ६०. मग भाव भागिले टक्के केलं की एक किलो खरं क्लोरीन केवढ्याला पडलं ते कळतं. आणि लागतं किती ते पण सोपं आहे, एक लाख लिटर पाण्यात १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, वाढवायला १०० ग्रॅम क्लोरीन. आमचा पूल चाळीस बाय सोळा फूट, पाणी चार फूट, म्हणजे साधारण ७२ हजार लिटर, तर १ पीपीएमला ७२ ग्रॅम. उन्हाळ्यात पूल भरलेला असला की दिवसाला ३ पीपीएमच्या आसपास उडतं असं धरलं तर महिन्याला साडेसहा किलो क्लोरीन. हा साडेसहाचा आकडा लक्षात ठेवा, खाली सगळीकडे तोच धरलाय.

टीसीएलपासून सुरू करतो कारण सगळ्यात स्वस्त तेच दिसतं. २५ किलोची बॅग मला हजार रुपयांना पडली, ४० रुपये किलो, म्हणजे क्लोरीन १२० रुपये किलो, महिन्याचे आठशेच्या आत. कागदावर हा पहिला नंबर. पण ही पावडर सरळ पूलमध्ये टाकलीत तर तळाला चुन्याचा थर बसतो, पाणी पांढरट गढूळ होतं, आणि फिल्टरची वाळू धरून बसते ते वेगळंच. ड्रममध्ये कालवायची, रात्रभर बसू द्यायची, वरची निवळी तेवढी ओतायची आणि खालचा गाळ कुठेतरी न्यायचा, आणि त्या गाळात थोडं क्लोरीन जातंच. बागेत टाकलात तर पोफळ मरेल. त्यात कोकणातली हवा. बॅग एकदा उघडली आणि नीट बांधली नाही की ओल धरते, गुठळ्या होतात आणि टक्के झपाट्याने उतरतात, पावसाळ्यात तर बघायलाच नको. आणि तिसरं म्हणजे काम करणारा माणूस. रोज सकाळी ड्रम ढवळायचा, नाकातोंडात पावडर जाणार, तो महिनाभर करतो आणि मग एक दिवस येतच नाही. विहिरीसाठी टीसीएल उत्तम, मी पण विहिरीत तेच टाकतो. पूलसाठी पाचपैकी दीड मार्क.

आता हायपो. चिपळूणच्या केमिकलवाल्याकडून ३५ लिटरचा कॅन पोच सातशेला येतो, रिकाम्या कॅनचं डिपॉझिट वेगळं. २० रुपये लिटर, दहा टक्के धरलं तर क्लोरीन २०० रुपये किलो, महिना तेराशे. पाण्यात टाकलं की लगेच मिसळतं, गाळ नाही, काही शिल्लक राहत नाही, म्हणजे थोडं मीठ राहतं पण ते कुणाला जाणवत नाही. पीएच थोडा वर जातो म्हणून अधूनमधून जरासं ॲसिड लागतं, खर्च किरकोळ.

पण हायपोची खरी गोम ताजेपणात आहे आणि हे दुकानदार सांगत नाही. उन्हात, गरमीत ते बसल्या बसल्या उतरतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला कॅन दीड-दोन महिन्यांत निम्म्यावर येऊ शकतो. आणि दुकानात तो किती दिवस उन्हात पडला होता ते कुणाला माहीत. समजा दहाच्या जागी सात टक्के मिळालं, तर क्लोरीन २८६ रुपये किलो झालं, महिना साडेअठराशेच्या वर, म्हणजे गोळ्यांपेक्षा महाग! स्वस्त म्हणून घेतलं आणि महागात पडलं हे असं होतं.

म्हणून मी कॅन आला की टेस्ट करतो, घरच्या घरी होते. आरओचं २० लिटर पाणी घ्यायचं, सुई नसलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने बरोबर १ मिली हायपो टाकायचं, ढवळायचं आणि डीपीडी किटने, म्हणजे गुलाबी रंग येतो त्या किटने, फ्री क्लोरीन, म्हणजे मोकळं, कामाला तयार असलेलं क्लोरीन बघायचं. ५ पीपीएम आलं तर माल दहा टक्क्यांचा, साडेतीन आलं तर सात टक्क्यांचा. विहिरीचं पाणी घेऊ नका, त्यातलं लोखंड वगैरे थोडं क्लोरीन आधीच खाऊन टाकतं आणि बिचाऱ्या दुकानदारावर उगाच आळ येतो. आणि तो पिवळा रंग येणारा ओटीओचा स्वस्त किट यासाठी चालत नाही, तो फ्री आणि बांधलेलं, म्हणजे घाम वगैरेशी जुळून सुस्त झालेलं क्लोरीन वेगळं दाखवत नाही. एकदा असा साडेतीनचा आकडा फोटो काढून पाठवला तेव्हापासून माझा कॅन मागच्या सावलीतल्या लॉटमधून येतो. कमी कॅन घ्या, पंधरा दिवसांपुरते, सावलीत ठेवा. गाडीत आडवा टाकून आणू नका, झाकणाला हवा जायला भोक असतं ते मुद्दाम असतं, ते बंद केलंत तर कॅन फुगतो. बंद एसी गाडीत तर नकोच, पिकअपच्या मागे उभा बांधा.

हायपोचं दुसरं म्हणजे ऊन. साधं क्लोरीन उघड्या पूलमध्ये भर उन्हात तासाभरात निम्मं उडतं, दुपारपर्यंत काही उरत नाही. त्याला सायन्युरिक ॲसिड लागतं, दुकानात स्टॅबिलायझर म्हणतात, ती क्लोरीनची छत्री समजा. ३० पीपीएम करायला आमच्या पूलला सव्वादोन किलो लागतं. ते नसेल तर वरचा ३ पीपीएमचा हिशोब विसरा, दुप्पट-तिप्पट हायपो ओताल आणि संध्याकाळी पोरं पोहायला उतरतील तेव्हा पाण्यात क्लोरीन शून्य. आमच्या भागात बऱ्याच जणांचं हायपो "चालत नाही" त्याचं कारण हेच असतं, हायपो चालतं हो, ऊन त्याला ठेवत नाही.

गोळ्या. टीसीसीए ९०, दोनशे ग्रॅमची एकेक गोळी, तरंगत्या डब्यात टाकायची आणि विसरायची. मला २४० रुपये किलोने पडल्या, क्लोरीन २६७ रुपये किलो, महिना साडेसतराशेच्या जवळ. माल टिकतो, कोरडा ठेवला तर वर्षभर काही होत नाही, कुरिअरने येतो, माणूस चार दिवस गावाला गेला तरी चालतं. आणि सायन्युरिक त्यातच असतं, वेगळं घ्यायला नको. हे वाचून वाटतं की प्रश्नच मिटला, आणि पहिले दोन महिने खरंच मिटतो.

मग चालू होतं. गोळीतून १० पीपीएम क्लोरीन गेलं की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक जातं. क्लोरीन उडून जातं, सायन्युरिक उडत नाही, ते साठत राहतं. महिन्याला ९० पीपीएम क्लोरीन म्हणजे पन्नासच्या वर सायन्युरिक, दर महिन्याला! दिवाळीला सुरू केलंत तर दोन महिन्यांत शंभर पार. आणि सायन्युरिक जितकं जास्त तितकं क्लोरीन सुस्त, म्हणून फ्री क्लोरीन सायन्युरिकच्या साडेसात टक्के तरी ठेवायचं असा हिशोब धरतात. चाळीसला ३ पीपीएम पुरतं, शंभरला साडेसात लागतं, दोनशेला पंधरा. किट क्लोरीन दाखवतंय, वास येतोय, आणि तरी भिंतीला शेवाळ. आमच्याकडे काम करणारा पोरगा म्हणाला होता, "दादा, गोळी आहे डब्यात, पाणी हिरवं कसं काय होतंय?" तर असं होतं.

सायन्युरिक काढायचा व्यवहारात एकच उपाय, पाणी काढा आणि नवीन भरा. आता मे महिन्यात कोकणात पाणी. विहिरीला हात लावायची सोय नसते, पाहुण्यांच्या आंघोळीला पुरवायचं असतं. अर्धा पूल म्हणजे ३६ हजार लिटर, पाच हजार लिटरचे सात-आठ टँकर, हजार-बाराशेला एक धरा, झाले आठ-नऊ हजार. हा खर्च गोळीच्या डब्यावर छापलेला नसतो पण तो गोळीचाच आहे. शिवाय गोळी आम्लधर्मी, पीएच तीनच्या आसपास. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी आमच्याकडे मुळात हलकं आणि किंचित आंबटच असतं, त्यात ही गोळी, अल्कलिनिटी, म्हणजे पीएच धरून ठेवायची पाण्याची ताकद, कमी होते, पीएच खाली जातो, टाइल्समधलं ग्राउट खातं, शिडी गंजते. महिन्याला चार-पाच किलो सोडा ॲश टाकावा लागतो, ते अडीच-तीनशे धरा. म्हणजे गोळ्या दोन हजार महिना आणि उन्हाळ्यात टँकर.

थ्री-इन-वन किंवा मल्टिफंक्शन म्हणून निळे ठिपके असलेल्या गोळ्या मिळतात त्या घेऊ नका. त्यात तांबं असतं, तुरटी असते, क्लोरीन कमी आणि भाव जास्त. तांबं पाण्यात साठलं की प्लास्टरवर डाग पडतात आणि सोनेरी किंवा फिक्या केसांना हिरवट छटा येते, ते बोलणं मग होमस्टेच्या रिव्ह्यूमध्ये खावं लागतं.

बाकीचे दोन पटकन. कॅल हायपो मला २२० रुपये किलो, क्लोरीन ३४० च्या आसपास, महिना बावीसशे. माल चांगला आहे, टीसीएलपेक्षा कितीतरी स्वच्छ, बादलीत आधी विरघळवून टाकायचा. दर १० पीपीएम क्लोरीनमागे ७ पीपीएम कॅल्शियमचा जडपणा वाढवतो, बोअरचं जड पाणी असणाऱ्यांना ते नको, पण आमच्या हलक्या पाण्याला थोडं कॅल्शियम उलट बरंच. मी एक छोटा डबा शॉकसाठी, म्हणजे एकदम मोठा डोस द्यायला, ठेवतो, लग्नाचं वऱ्हाड उतरून गेलं की त्या रात्री. एसडीआयसी तीनशे रुपये किलो, क्लोरीन पाचशेच्या वर, महिना साडेतीन हजार, आणि सायन्युरिक गोळीपेक्षाही जास्त सोडतो, १० पीपीएमला ९. लगेच विरघळतो, पीएचला त्रास नाही, एवढंच. रोजच्या वापराला हा कोण घेतो मला माहीत नाही पण दुकानदार "प्रीमियम" म्हणून पुढे हाच करतात.

मिठाचं मशीन. कल्पना सुंदर आहे, पाण्यात ३ ते ४ हजार पीपीएम मीठ टाकायचं, सेलमधून करंट जातो, तिथल्या तिथे क्लोरीन तयार. पाणी मऊ लागतं, डोळे चुरचुरत नाहीत, पाहुणे खूश. आमच्या पूलला अडीचशे किलो मीठ, म्हणजे पन्नास किलोच्या पाच गोण्या. मशीनचं कोटेशन लाखाच्या वर आलं, सेल काही वर्षांनी बदलायचा तो खर्च पुन्हा वेगळा. समोर समुद्र आहे तर तेच पाणी ओता की असं आमच्या काकांनी सुचवलं, समुद्रात मीठ दहापट असतं हो काका, सेल जळेल. पण मी नाही म्हटलं ते मशीनच्या किमतीमुळे नाही, पावसामुळे.

पाऊस, हा मुद्दा पूलच्या दुकानातला कुणी सांगत नाही कारण ती सगळी माहिती कोरड्या भागातली आहे. आमच्या किनाऱ्यावर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूलची खोली बाराशे मिलिमीटर. म्हणजे पूलमध्ये आहे त्याच्या अडीचपट पाणी वरून पडतं आणि तेवढंच ओव्हरफ्लोने बाहेर जातं. ऑगस्ट संपेपर्यंत जून महिन्यातलं पाणी पूलमध्ये जवळजवळ उरतच नाही. मीठ टाकलेलं असेल तर ते सगळं वाहून गेलं, दर गणपतीनंतर पाच गोण्या पुन्हा, आणि ते खारं पाणी ओव्हरफ्लोने माझ्या पोफळींच्या मुळाशी. पण हाच पाऊस सायन्युरिक पण फुकटात धुवून नेतो! ज्यासाठी घाटावरचे लोक टँकर मागवतात ते काम आमच्याकडे दरवर्षी आपोआप होतं, फक्त ओव्हरफ्लो उघडा ठेवायचा आणि पूल ताडपत्रीने घट्ट झाकून बसायचं नाही.

म्हणून आमचं वेळापत्रक असं बसलंय. पाऊस सरला, नवरात्राच्या सुमारास पूल घासून काढला की सायन्युरिक शून्याजवळ असतं. तेव्हा गोळ्या लावायच्या, महिनाभर. क्लोरीन पण मिळतं आणि छत्रीसाठी वेगळे पैसे पण नाहीत. सायन्युरिक चाळीसच्या आसपास आलं, म्हणजे साधारण दिवाळीच्या पुढेमागे, की गोळ्या बंद आणि ताजं हायपो चालू, रोज संध्याकाळी सूर्य खाली गेल्यावर, पंप चालू असताना, रिटर्नच्या, म्हणजे फिल्टरचं पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडासमोर. बॅकवॉशला, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुताना, आणि उड्या मारणाऱ्या पोरांमुळे पाणी जातं तसं सायन्युरिक पण थोडं थोडं कमी होत जातं, मग शिमग्याला आणि मेच्या सुरुवातीला चार दिवस परत गोळ्या. मे अखेरीस सायन्युरिक पन्नास-साठ झालं तरी काळजी नाही, जून येतोच आहे. महिन्याचा खर्च तेराशे ते पंधराशेत बसतो आणि टँकर एकही नाही. पावसाळ्यात पाहुणे जवळजवळ नसतातच, तेव्हा ढगाळ हवेत थोड्या हायपोवर काम भागतं.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरात समजा. दोन प्रकार घरात आले की डबे, मग, बादल्या सगळं वेगळं. टीसीसीए आणि कॅल हायपो किंवा टीसीएल एकत्र आले आणि त्यात ओल लागली तर आग लागते, स्फोट होतो. गोळ्यांच्या तरंगत्या डब्यात टीसीएल तर कधीच टाकायची नाही. हायपोमध्ये ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो माणूस मारतो. आम्ही मगांना रंग लावलेत, लाल ॲसिडचा, निळा हायपोचा, पांढरा गोळ्यांचा, आणि पावडर-गोळ्या एका खोलीत नाहीतच. पंपाच्या खोलीत पण काही ठेवू नका, वाफेने पॅनलचे कॉन्टॅक्ट गंजतात, खारा वारा तेवढं काम आधीच करतोय. नेहमी पाण्यात केमिकल, केमिकलवर पाणी नाही.

जे मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारी येतात आणि बाकी दिवस बंगला केअरटेकरच्या भरवशावर, त्यांना रोज संध्याकाळी हायपो मोजून टाकणारं माणूस मिळेलच असं नाही, त्यांनी गोळ्याच घ्याव्यात, पण डब्याची फट बारीक ठेवून, वापर नसताना क्लोरीन कमी लागतं. फेब्रुवारीत एकदा सायन्युरिकची टेस्ट करून घ्या, किटमधल्या औषधात पूलचं पाणी टाकलं की ढगाळ होतं आणि नळीतला काळा ठिपका दिसेनासा होतो ती टेस्ट, किट पाच-सातशेपर्यंत येतं. सत्तरच्या वर असेल तर विहिरीला पाणी आहे तोवर, म्हणजे तेव्हाच, एक फूटभर काढून भरून घ्या, मेपर्यंत थांबू नका.